मोशेची सहल आणि हिंगाची डबी

मोशेने फारोकडे पहिला अर्ज केला तो काही गुलामगिरीतून कायमच्या सुटकेचा नव्हता. तीन दिवसांच्या वाटेवर रानात जाऊन आमच्या देवाला यज्ञ करतो, एवढीच त्याची मागणी. म्हणजे जोडून रजा आणि वनविहार. फारो पडला साहेब. त्याने रजा नाकारलीच, वर विटांसाठी मिळणारं गवत बंद करून विटांचा आकडा मात्र तोच ठेवला. पुढे दहा संकटं आली, समुद्र दुभंगला, आणि तीन दिवसांची सहल चाळीस वर्षं चालली.

होरेब डोंगरापासून कादेश-बार्नेयापर्यंत अकरा दिवसांची वाट, असं तोरातच, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतच, लिहून ठेवलं आहे. मग बाकीचा वेळ गेला कुठे? बराचसा कुरकुरीत गेला. मिसर सोडून महिना होतो न होतो तोच मंडळींना तिथली मांसाची भांडी आठवली. आकाशातून रोज ताजा मान्ना पडू लागला, तोही फुकट, तर थोड्याच काळात त्याचा वीट आला. मग मिसरातली मासळी, काकड्या, खरबुजं, कांदे आणि लसूण आठवून घरटी माणसं आपापल्या तंबूच्या दाराशी बसून रडू लागली. जगातल्या पहिल्या निसर्ग-रिट्रीटचा हा अधिकृत अहवाल आहे, आणि तो आम्ही ज्यू लोक दरवर्षी सिनेगॉगात मोठ्याने वाचतो.

एवढं वाचूनही अमेरिकेतल्या माझ्या लेकीने एका वर्षी सगळ्या कुटुंबाला घेऊन पेसाह रानात करायचा ठरवला.

पेसाह म्हणजे मराठी बायबल वाचणाऱ्यांचा वल्हांडण सण. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असं आमच्यात सांगतात. कुलाबा जिल्ह्यात तेल गाळायचं, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. पुढे बहुतेक आप्त इस्राएलला गेले, काही अमेरिकेला. आम्ही उभयता ठाण्यात राहिलो, कारण कुणीतरी पत्ता कायम ठेवायला हवा.

कोकणात या सणाला जुनं नाव होतं ‘अनाशी ढाकायचा सण’. घरात आंबट पदार्थाचं एक भांडं असायचं, ते सणापुरतं झाकून ठेवायचं. आंबवलेलं काही खायचं नाही या नियमाची ही कोकणी आवृत्ती. एक भांडं झाकलं की सण सुरू. पण हळूहळू बाहेरून शिकले-सवरलेले धर्मबंधू आले, त्यांनी आम्हांला बाकीचे नियम सांगितले, आणि आमच्या बायकांच्या मागे वर्षभराचं काम लागलं.

नियम वरकरणी सोपा आहे. गहू, जव, ओट यांसारख्या पाच धान्यांपासून झालेलं, फुगलेलं किंवा फुगू शकणारं काहीही आठ दिवस घरात ठेवायचं नाही. यालाच हामेत्स म्हणतात. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजून निघाली तरच ती मत्सा, नाहीतर तोही पाव. पूर्वज मिसरातून इतक्या घाईने निघाले की कणीक फुगायला सवड मिळाली नाही, त्याची ही आठवण. त्या घाईची तयारी मात्र फार संथपणे होते. लहानपणी आमच्याकडे भिंतींना चुना लागायचा, पितळेची आणि तांब्याची भांडी कल्हईवाल्याकडे जायची, गाद्या गच्चीवर, डबे उन्हात. सणाच्या आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात पावाचे कण शोधायचे. कण सापडावेत म्हणून आधी आपणच दहा तुकडे लपवून ठेवायचे. दहावा तुकडा कुठे ठेवला हे न आठवल्यामुळे होणारं भांडण हा विधीचाच भाग आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

जे फेकवत नाही ते विकायचं. ज्यू नसलेल्या माणसाला रीतसर करार करून सगळं हामेत्स विकायचं आणि सण संपला की परत घ्यायचं. ही काही चार घरांची पळवाट नव्हे. इस्राएलच्या सरकारी मालकीचं हामेत्सही असंच विकलं जातं, आणि अनेक वर्षं त्याचे खरेदीदार होते अबू घोष गावचे जाबर हुसेन. हॉटेलात नोकरी करणारे हे अरब गृहस्थ 20,000 शेकेल अनामत भरून वर्षातून एकदा अख्ख्या देशाच्या पावा-पिठाचे मालक व्हायचे आणि सण संपल्यावर अनामत परत घेऊन घरी जायचे. पश्चिम आशियात इतका सुरळीत पार पडणारा दुसरा व्यवहार माझ्या माहितीत नाही.

तर लेकीचं म्हणणं असं : “बाबा, सगळं विकायचंच आहे तर घरात बसून पुसायचं कशाला? कुलूप लावू आणि आठ दिवस रानात जाऊ. आईलाही एकदा आयतं जेवू दे.”

यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. सेदरच्या रात्री, म्हणजे सणाच्या विधीच्या जेवणाला, हगादा ही मिसरातून सुटकेची पोथी वाचताना डाव्या कुशीवर रेलून बसायचं असतं, कारण स्वतंत्र माणूस रेलून जेवतो. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही पुरुष असे रेलून स्वातंत्र्याबद्दल वाचत आलो. रेललेल्यांना पाणी कोण देत होतं, याचा उल्लेख हगाद्यात नाही.

सण बाहेर करण्याची अमेरिकन ज्यूंची चाल जुनी आहे. न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरातली मोठमोठी हॉटेलं एके काळी पेसाहला भरून वाहायची. ती हॉटेलं बंद पडली, आणि आता नातवंडांना शेती, शेळ्या आणि कंपोस्ट यांची ओढ लागली. म्हणून डोंगरात ज्यू रिट्रीटं निघाली. आम्ही गेलो ते कनेटिकटच्या वायव्य कोपऱ्यात होतं. तळं, जंगल, शेत, लाकडी खोल्या, आणि मधोमध एक भोजनगृह, त्याच्या दारावर ‘शांतता’ असा हिब्रू फलक. ती शांतता आम्ही पोचेपर्यंत होती.

पूर्वजांनी एका रात्रीत मिसर सोडलं. आमचं सामान बांधणं जानेवारीत सुरू झालं. ठाण्याहून आम्ही दोघं, इस्राएलमधल्या अश्दोदहून मेहुणी, न्यू जर्सीहून लेक, जावई, नातवंडं आणि त्यांच्यासोबत विहीणबाई. जावयाची माणसं मूळची लिथुएनियाची. म्हणजे टेबलाच्या एका टोकाला कोकण, दुसऱ्या टोकाला बाल्टिक समुद्र, आणि मधे मेहुणी, जिला वाटतं की खरे ज्यू फक्त इस्राएलमध्ये राहतात. तिथे पेसाह सात दिवसांचा, बाहेर आठ. तिथे सेदर एक, बाहेर दोन. त्यामुळे आमच्या दुसऱ्या सेदरला ती पाहुणी म्हणून बसली आणि तज्ज्ञ म्हणून बोलली.

मुहूर्त मात्र कुणाला परका वाटला नाही. पेसाह निसान महिन्याच्या पौर्णिमेला येतो, आणि ज्यू पंचांगातही अधिक महिना असतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. त्यामुळे बहुतेक वर्षी सेदर आणि हनुमान जयंती एकमेकांना खेटून येतात. ठाण्यात आमच्या सेदरला शेजारच्या देवळातला लाउडस्पीकर कायम साथीला असायचा. कनेटिकटात तो नव्हता, आणि मंडळींना पहिल्या रात्री झोप लागली नाही.

झोप न लागण्याचं दुसरं कारण बेडूक. कनेटिकटात एप्रिल म्हणजे वसंत, असं पत्रकात छापलं होतं. प्रत्यक्षात झाडांना पान नव्हतं, सावलीत बर्फाचे ढिगारे होते, आणि वसंताची बातमी फक्त बेडकांना पोचली होती. नखाएवढे असतात, पण तळ्याकाठी हजारोंनी बसून रात्रभर शिट्या मारतात. मिसरावरचं दुसरं संकट बेडकांचं होतं, हे आठवून नातवाने यादी करायला घेतली. तिसरं संकट उवांचं. इथे त्यांच्या जागी गोचीड. लाइम नावाचा प्रसिद्ध आजार ज्या लाइम गावामुळे ओळखला जातो ते गावही कनेटिकटातलंच, 1975 च्या सुमारास तिथे तो लक्षात आला. त्यामुळे रोज संध्याकाळी प्रार्थनेआधी सर्वांनी पायमोजे वर ओढून एकमेकांचे घोटे तपासायचे. चौथं संकट हिंस्र पशूंचं. काळी अस्वलं नुकतीच झोपेतून उठली आहेत, उरलेलं अन्न बाहेर ठेवू नये, अशी पाटी होती. गारा दुपारी पडल्या. अंधार म्हणाल तर आकाशातले तारे नीट दिसावेत म्हणून रात्री दिवे लावत नसत. फारोवर ही संकटं देवाने पाठवली, आम्ही आगाऊ पैसे भरून आलो होतो.

थोरल्या मुलांवरचं संकटही सुटलं नाही. सणाच्या आदल्या दिवशी थोरल्यांनी उपास करायचा असतो. मी थोरला, जावई थोरला. पण त्या सकाळी कुणी तालमुद या धर्मग्रंथाचा एखादा भाग वाचून संपवत असेल आणि आपण तिथे हजर असू, तर समाप्तीची मेजवानी खावी लागते आणि उपास मोडतो. रिट्रीटवर अशी समाप्ती अर्थातच ठेवलेली होती. त्या दिवशी तालमुदाबद्दल मला जी ओढ वाटली ती आधी कधी वाटली नव्हती.

स्वयंपाकघराच्या दारात मश्गीआह बसत. कश्रुतचे, म्हणजे खाण्यापिण्याचे, नियम पाळले जातात की नाही हे पाहणारे हे अधिकारी. तरुण, दाढीवाले, अतिशय नम्र, आणि जकात नाक्यावर जन्मले असावेत असे. आमच्या हिने ठाण्याहून कैरीच्या लोणच्याची बरणी आणि एक छोटी डबी आणली होती. लेकीने अडवलं होतं, पण “लोणच्यात पाव कुठे असतो?” या प्रश्नाला उत्तर कोण देणार!

मश्गीआहांनी बरणी उचलून विचारलं, “यात काय काय आहे?”

कैरी, मीठ, तेल, मोहरी, हळद, तिखट, असं हिने सांगितलं. मोहरीशी ते थबकले. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये सुरू झालेल्या एका प्रथेनुसार अश्केनाझी म्हणजे युरोपीय ज्यू पेसाहला तांदूळ, डाळी, मका आणि मोहरीसुद्धा वर्ज्य मानतात. आम्हांला ही बंदी नाही, आम्ही पेसाहला भात खातो. 2015 मध्ये अमेरिकेतल्या कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीनेही तांदळाला परवानगी दिली. “मोहरी तुमच्या टेबलापुरती चालेल,” ते म्हणाले. “आणि या डबीत?”

“हिंग आहे. खड्याचा नाही, बांधणीचा. लोणच्यातही तोच.”

त्यांनी डबी फिरवून बारीक अक्षरं वाचली आणि त्यांचा चेहरा बदलला. बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. म्हणजे आमचं लोणचं साधं नव्हे, शंभर टक्के हामेत्स. देवाच्या कृपेने विक्रीचा करार दुपारच्या आत व्हायचा होता. यादीत शेवटची ओळ वाढवली गेली, आणि ठाण्याच्या कैरीच्या लोणच्याचे आठ दिवसांचे मालक झाले शेजारच्या शेतावरचे एक गृहस्थ.

“मालक झाला म्हणजे तो खाऊ शकतो?” हिने विचारलं.

“कायद्याने, हो.”

“मग त्याला सांगा, ओला चमचा घालायचा नाही.”

बरणीचं झाकण लावून, वर कागद बांधून ती कुलुपात गेली. पाहायला गेलं तर पूर्वजांनी सांगितलेला सण तेवढ्यानेच यथासांग झाला होता. बाकीचे आठ दिवस जास्तीचे.

सेदरला प्रत्येक घराने आपापला हगादा आणला होता. विहीणबाईंचा मॅक्सवेल हाऊस या कॉफी कंपनीचा. कॉफीचं बी म्हणजे कडधान्य, म्हणून पेसाहला वर्ज्य, असा अमेरिकेतल्या ज्यूंचा समज होता. 1923 मध्ये कंपनीने एका रब्बींकडून तसं नाही असं वदवून घेतलं, आणि 1932 पासून कॉफीबरोबर हगादा वाटायला सुरुवात केली. त्याच्या पाच कोटींहून जास्त प्रती निघाल्या. आमचा हगादा 1874 साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हगाद्याची नक्कल. त्यातल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मत्सा करताना दिसतात. तो टेबलावर फिरला तेव्हा रिट्रीटचे तरुण कार्यकर्ते भारावले आणि ही बसण्याची पद्धत गुडघ्यांना किती चांगली यावर बोलू लागले. तिथल्या बहुतेकांचे गुडघे पस्तिशीच्या आतले होते.

ताटावर हाड, अंडं, कडू मुळा, हिरवा पाला आणि हारोसेत. हारोसेत म्हणजे मिसरातल्या विटांच्या चिखलाची आठवण. विहीणबाईंकडे तो सफरचंद, अक्रोड आणि दालचिनीचा. आमच्याकडे खजूर शिजवून, गाळून आटवलेला शिरा. दोन्ही चिखल शेजारी ठेवल्यावर कुठला खरा, यावर चर्चा झाली. मेहुणीने निकाल दिला की अश्दोदच्या सुपरमार्केटात तयार मिळतो तो सर्वांत बरा.

एलियाहू हानाबींसाठी पेला भरून दार उघडण्याची वेळ आली. त्या रात्री हे संदेष्टे जगातल्या प्रत्येक ज्यू घरी येतात. आमचा त्यांच्याशी विशेष घरोबा आहे. अलिबाग तालुक्यात खंडाळ्याजवळ ते येऊन गेले, खडकावर त्यांच्या रथाची खूण आहे, असं आम्ही मानतो आणि तिथे जाऊन पोहे-नारळाचा मलिदा करतो. म्हणजे आमच्या दृष्टीने ते तालुक्यातले. लेकीने दार उघडलं, कनेटिकटचा गार वारा आत आला, सगळ्या मेणबत्त्या विझल्या, आणि पाठोपाठ रिट्रीटची एक शेळी आत आली. एका शेळीच्या करडावरच सेदरचं शेवटचं गाणं आहे, तेव्हा मुलांना हा नियोजित कार्यक्रम वाटला. शेळीने हिरवा पाला संपवला, आणि तिला बाहेर काढण्यात रब्बी, मश्गीआह आणि जावई यांचा बराच वेळ गेला.

पहिले दोन दिवस सगळ्यांनी निसर्गाची स्तुती केली. मग जेवणाबद्दल बोलणं सुरू झालं. विहीणबाईंच्या मते गेफिल्टे फिश गोड होती, आणि गोड मासा पोलंडवाले करतात, लिथुएनियात मिरपूड घालतात. मेहुणीला काकडी रबरी लागली. आमच्या हिला कांदा कच्चा लागला आणि लसूण तर लागलीच नाही. मासळी, काकडी, कांदा, लसूण. तोरातल्या यादीतलं फक्त खरबूज राहिलं होतं. ते मिळालं न्याहारीला, आणि त्याला चव नव्हती.

तोराची पुढची पायरीही आली. रानात हैराण झालेले लोक म्हणतात, आपण नवा पुढारी नेमू आणि मिसराला परत जाऊ. आमच्या बायकांनी तेच केलं. आयतं जेवायला आणलेली आमची ही आधी “जरा मदत करते” म्हणून स्वयंपाकघरात गेली. पाठोपाठ विहीणबाई गेल्या. मग बाकीच्या घरांतल्या आया आणि आज्या. मश्गीआहांच्या देखरेखीखाली हिने नारळाच्या दुधातला मासा आणि भात केला. नारळाचं दूध मांस आणि दूध एकत्र न खाण्याच्या नियमात कुठेच अडकत नाही, यावरच तर बेने इस्राएलांचा सगळा स्वयंपाक उभा आहे. वर्ज्य भाताला विहीणबाईंनी आयुष्यात पेसाहला हात लावला नव्हता. त्यांनी चमचाभर रस्सा घेतला, मग रश्शाखाली चुकून आलेला भात, मग 2015 च्या निर्णयाची तारीख विचारली आणि ताट पुढे केलं. त्या दिवशी रेलून बसायला पुरुष तेवढे उरले. जावयाने भांडी घासायला सुरुवात केल्यावर आम्हां बाकीच्यांना उठावं लागलं, आणि मिसरातून पुरुषांचं खरं निर्गमन तेव्हा झालं.

मुलांनी मात्र कसलीच तक्रार केली नाही. त्यांना मत्सा चॉकलेट लावून आवडली, बेडूक मोजता आले, चिखलात पडता आलं आणि लपवलेला मत्सेचा तुकडा, म्हणजे आफिकोमान, शोधून बक्षीसही उकळता आलं. तोराही हेच सांगते. मिसर सोडून निघालेली थोरली पिढी कुरकुरत रानातच राहिली, आणि वचनाच्या देशात शिरली ती रानात वाढलेली मुलं.

म्हणून माझं मत असं, की सण घराबाहेर काढावा आणि रानातच न्यावा. जेवणाला नावं ठेवायला मोकळीक असावी, कारण ती परंपरा मत्सेइतकीच जुनी आहे. सेदर संपताना पुढचा सण यरुशलायममध्ये करू, असं म्हणायची रीत आहे. आम्हीही म्हटलं, आणि निघायच्या दिवशी कनेटिकटची पुढच्या वर्षाची नोंदणी सर्वांत आधी विहीणबाईंनी केली. तुम्हांला जायचं असेल तर लवकर नाव द्या, पायमोजे लांब घ्या, आणि हिंग न्यायचा झाला तर खड्याचाच न्या.